चेहरा जुळला नाही म्हणून आहार नाही?

यावल, रावेर, चोपडा हा केळीचा पट्टा. मळ्यात घड कापणारे, खांद्यावर वाहणारे, गाडी भरणारे हात रोजंदारीचे. या घरांतील गरोदर व स्तनदा मातांना आणि सहा महिने ते तीन वर्षांच्या लेकरांना अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो. हा कुणाचा उपकार नव्हे. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला तो हक्क आहे.

1 जुलै 2025 पासून या हक्काच्या दारात एक नवा पहारेकरी बसला आहे. आहार घ्यायचा तर सेविकेच्या मोबाईलपुढे चेहरा धरायचा. केंद्र सरकारचे 'पोषण ट्रॅकर' आधी आधारवरील फोटो आणि ओटीपी यांच्याशी ताळा घालते, नंतर वाटपाच्या वेळी पुन्हा चेहरा तपासते. ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा एवढा गाजावाजा चालला आहे, ती आपल्या वस्तीत अशी आली आहे. पाकिटाच्या आड उभी राहून.

हे यंत्र माणसाला ओळखते असे आपण म्हणतो, ते खरे नाही. ते चेहऱ्याचे आकडे करते आणि दोन आकड्यांत किती फरक आहे ते पाहते. फरक ठरलेल्या मर्यादेत असला तर 'हो', नसला तर 'नाही'. ही मर्यादा सैल ठेवली तर भलताच माणूस आत शिरेल. घट्ट ठेवली तर खरी बाई बाहेर राहील. यात कुणाचे नुकसान चालवून घ्यायचे, हे गणित ठरवीत नाही. ते सत्ता ठरवते, आणि ज्या बाईचे नुकसान व्हायचे तिला त्या बैठकीत खुर्ची नसते.

आता आपल्या घरांकडे पाहा. आधारचा फोटो लग्नाआधीचा, बाळंतपणात उतरलेला चेहरा वेगळा. आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा, आणि नवरा कामाला सुरतेला. सातपुड्याच्या पाड्यांवर रेंज मिळेल तेव्हा खरी. एक खेप वाया गेली की मजुरी बुडते. आणि बाईचा राग कुणावर निघतो? मर्यादा ठरवणाऱ्यावर नव्हे, समोरच्या सेविकेवर!

या सेविकांनीच पहिला धडा घालून दिला आहे. 2021 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. फोन निकृष्ट होते, तापत होते, आणि ॲप इंग्रजीत होते. यंत्र नको असे त्यांचे म्हणणे नव्हते. आम्हाला विचारून, आमच्या भाषेत, चालेल असे द्या, एवढेच होते.

बाबासाहेबांची भूमिकाही यंत्राच्या विरोधाची नव्हती. 1945 च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी यंत्रावरचे आक्षेप खोडून काढले. कष्टकऱ्याला फुरसत मिळायची तर यंत्र हवेच. दोष यंत्राचा नाही, त्याचा लाभ मूठभरांकडे जाऊ देणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे मांडले. आज मोठी एआय यंत्रणा चालवायला लागणारी प्रचंड संगणककेंद्रे जगातल्या मोजक्या कंपन्यांच्या हाती आहेत. खानदेशाने कापूस पिकवावा आणि भाव दुसरीकडे ठरावा, तसेच हे. इथे पीक आपल्या चेहऱ्यांचे, आवाजांचे, शब्दांचे.

मालकी सरकारची झाली म्हणजे सारे भागले, असेही नाही. तेलंगणात संगणकाच्या छाननीवरून सुमारे 19 लाख रेशनकार्डे रद्द झाली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 2022 मध्ये न्यायालयाने प्रत्यक्ष पडताळणी करायला सांगितले. हॉलंडमध्ये संगणकाच्या संशयावरून हजारो पालकांना बालसंगोपनाचे अनुदान चोरणारे ठरवले गेले. त्यात परदेशी मुळाची कुटुंबे अधिक भरडली. 2021 च्या जानेवारीत तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. आपल्याकडे कुणाचा गेला?

म्हणून मागणी नेमकी हवी. चेहरा जुळला नाही तरी रजिस्टरवर सही किंवा अंगठा घेऊन त्याच दिवशी आहार मिळावा, नोंदीचा घोळ मागाहून निस्तरावा. अन्नसुरक्षा कायद्यात सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आहे, जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याचीही आहे. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने सरकारी लाभासाठी माहिती वापरताना संमतीची अट शिथिल केली आहे, तेव्हा प्रश्न विचारण्याचा मार्ग अधिक महत्त्वाचा. माहिती अधिकारात ॲपच्या आतले विचारले तर 'व्यापारी गुपित' म्हणून बोळवण होऊ शकते. पण गावातला आकडा गुपित नाही. पुढच्या ग्रामसभेत महिलांनी तीन ओळींचा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी: आपल्या अंगणवाडीत नोंदलेल्या माता व बालके किती, गेल्या महिन्यात आहार किती जणांना मिळाला, आणि चेहरा न जुळल्याने किती जण परत गेले.