कापडाच्या किमतीत कामगाराचे आरोग्य

भिवंडीतल्या यंत्रमागांची संख्या काही लाखांत मोजली जाते. 1857 नंतरच्या काळात उत्तर भारतातून आलेल्या मोमीन विणकरांनी इथे हातमाग लावले, विसाव्या शतकात त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली. मुंबईच्या गिरण्या 1982 च्या संपानंतर एकेक करून थंडावल्या, तसे विणकाम आणखी वेगाने या पत्र्याच्या शेडांकडे सरकले. गिरणीत युनियन होती, हजेरीपट होता, राज्य कामगार विमा योजनेचा दवाखाना होता. कापडाचे उत्पादन भिवंडीत आले, पण या तिन्ही गोष्टी त्याच्याबरोबर आल्या नाहीत. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेला मागकामगार बारा तासांच्या पाळीत मीटरवर मजुरी घेतो आणि बिशीत, म्हणजे खाणावळीत, जेवतो. कामाने आलेले आजारपण तो गावी घेऊन जातो. या आजारपणाचा खर्च कोणाच्याच वहीत दिसत नाही, तरी कोणीतरी तो भरतोच. तो कापडाच्या उत्पादनखर्चात धरला गेला पाहिजे आणि त्यातूनच कामगारांच्या आरोग्यासाठी झटणाऱ्या संस्थांचा कायमचा निधी उभा राहिला पाहिजे, अशी या लेखाची मांडणी आहे.

आधी आजार पाहू. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये सुटीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी छाती आवळते आणि दम लागतो. सुरुवातीला हा त्रास आठवड्याच्या पहिल्या दिवसापुरताच असतो. वर्षे सरतात तसा तो रोजचा होतो आणि फुप्फुसाची क्षमता कायमची घटते. धूळ सर्वाधिक असते ती कापूस पिंजण्याच्या व सूतकताईच्या खात्यांत. विणकामात ती कमी असते आणि भिवंडीत पॉलिस्टरचे कापडही भरपूर निघते. त्यामुळे इथल्या प्रत्येक खोकल्यावर बिसिनोसिसचा शिक्का मारणे चूक ठरेल. आवाजाचे मात्र तसे नाही. धोट्याच्या मागांनी भरलेल्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. आपल्या कारखाना नियमांतली 90 डेसिबलची मर्यादा आठ तासांच्या कामासाठी आहे. बारा तास काम करणाऱ्यासाठी ती आणखी खाली यायला हवी. आवाजाने गेलेली ऐकण्याची शक्ती परत येत नाही.

हे दोन्ही आजार कायद्याला ठाऊक आहेत. 1948 च्या राज्य कामगार विमा कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची यादी होती आणि त्यात दोघांचीही नोंद होती. कायमचे अपंगत्व सिद्ध झाले तर दरमहा लाभ मिळतो. अडचण येते ती सिद्ध करण्यात. बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने 1700 सालच्या आपल्या ग्रंथात सांगितले होते की, रोग्याला त्याचा धंदा कोणता हेही विचारावे. गर्दीच्या दवाखान्यात आजही तो प्रश्न राहून जातो आणि केसपेपरवर दमा किंवा जुनाट खोकला एवढेच लिहिले जाते. मुंबईतल्या ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटरचे महत्त्व इथे कळते. या केंद्रातील डॉ. व्ही. मुरलीधर, विजय कान्हेरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या एका कापडगिरणीतील बिसिनोसिसचा अभ्यास 1995 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. फुप्फुसाची आणि कानाची तपासणी, नोकरीचे कागद आणि वैद्यकीय मंडळापुढचा दावा हे सारे एकत्र जुळवण्याचे काम अशा केंद्राने केले. दवाखाना उपचार करतो, युनियन भांडते. या दोहोंना जोडणारा पुरावा उभा करणे हे तिसरेच काम आहे आणि ते करणारी संस्था वेगळी लागते.

अशा संस्थेला पैसा कुठून येतो? मोठ्या कंपन्यांना नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, पण दहावीस मागांचा मालक त्या कायद्यात बसत नाही. शिवाय धोका निर्माण करणाऱ्याच्या मर्जीवर त्या धोक्याची तपासणी अवलंबून राहिली, तर नकोसे निष्कर्ष दाबले जाण्याची भीती असते. परदेशी देणगीवर 2020 च्या दुरुस्तीने आणखी बंधने आली. मोठ्या संस्थेने ती रक्कम लहान स्थानिक संस्थेला देण्यावरच बंदी आली. प्रकल्पाचा निधी दोनतीन वर्षांचा असतो आणि बिसिनोसिस बळावायला अनेक वर्षे लागतात. अमेरिकेच्या कॅरोलिना राज्यांत 1975 च्या सुमारास गिरणीकामगारांनी ब्राउन लंग असोसिएशन उभारली. 1978 साली तिथे कापसाच्या धुळीची मर्यादा ठरली, त्यामागे या संघटनेचा रेटाही होता. पण तिचा डोलारा बराचसा अनुदानांवर उभा होता. 1980 च्या दशकात अनुदाने आटली आणि संघटना विरून गेली. उलट न्यूयॉर्क राज्याने व्यवसायजन्य आजारांच्या दवाखान्यांचे जाळे उभारताना त्याचा निधी कामगार नुकसानभरपाई विम्याच्या हप्त्यांवरील आकारणीशी जोडला. ते जाळे आजही चालू आहे.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. 1969 च्या माथाडी कायद्याने मजुरीबरोबर मालकाकडून लेव्ही घेऊन ती मंडळात जमा करण्याची पद्धत रुजवली. यंत्रमागाला तर राज्य सरकार विजेच्या दरात सवलत देते, म्हणजे जनतेचा पैसा मागापर्यंत आधीच पोहोचतो आहे. त्या सवलतीचा एक लहानसा हिस्सा आरोग्य निधीसाठी राखावा. सूत देऊन मजुरीवर कापड विणून घेणाऱ्या व्यापाऱ्यानेही त्यात मीटरमागे काही पैशांची भर घालावी.

मालक म्हणतील, नफा आधीच तुटपुंजा आहे. ते खोटे नाही. म्हणूनच भार एकट्या मागमालकावर न टाकता सवलत देणारे सरकार आणि माल घेणारा व्यापारी यांच्यात वाटायचा आहे. मालेगाव आणि इचलकरंजीलाही तोच नियम लावला, तर राज्यात कोणाचा माल दुसऱ्यापेक्षा महाग होणार नाही. सुरतेची स्पर्धा तरीही उरेल, पण मीटरमागे काही पैशांनी गिऱ्हाईक तुटेल असे मानणे कठीण आहे. दुसरा आक्षेप असा की, विमा योजना आहे, तिचाच विस्तार करा. विस्तार व्हायलाच हवा. पण ती योजना साधारण दहा कामगारांपासून लागू होते आणि भिवंडीत एकाच शेडमधले माग घरातल्या वेगवेगळ्या नावांवर दाखवले जातात. शिवाय विमा मिळाला तरी दावा सिद्ध करायला मदत लागतेच.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. असा निधी पडून राहतो. बांधकाम कामगारांसाठी 1996 साली उपकराचा कायदा झाला आणि पैसा खर्चच होत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सरकारांना खडसावले होते. त्यातून उपकर नको असा धडा घेण्यापेक्षा तो कोणाच्या हाती द्यावा हे ठरवायला हवे. निधीच्या समितीवर कामगारांचे प्रतिनिधी निम्मे असावेत आणि किती जणांच्या कानाची, किती जणांच्या फुप्फुसाची तपासणी झाली व किती दावे दाखल झाले, हे दरवर्षी मराठी, हिंदी, उर्दू आणि तेलुगूत जाहीर व्हावे. कामगाराचा अहवाल त्याच्या संमतीशिवाय मालकाला मिळू नये, नाहीतर काम जाण्याच्या भीतीने तपासणीला कोणी येणारच नाही. कामगारांनीही वर्षाला नाममात्र वर्गणी द्यावी. त्याने खर्च भागणार नाही, पण संस्था आपली आहे असे म्हणण्याचा आणि तिला जाब विचारण्याचा हक्क मिळेल.

कापड स्वस्त ठेवण्यासाठी आज मागकामगाराचे घर त्याच्या आजारपणाचा खर्च सोसते, म्हणजे या धंद्याला सर्वांत मोठे अनुदान तेच देते. विजेच्या सवलतीचा दर जिथे ठरतो, तिथेच या दुसऱ्या अनुदानाचाही हिशेब मांडला गेला पाहिजे.