दिवसाचा वाफसा

(यवतमाळ येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय आहे दिवसाचं नियोजन. सभागृहात शिरताना एका काकांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, "भाऊ, नियोजन तुम्हा नोकरीवाल्यांचं. आमचा दिवस आमच्या हातात असते काय? पाणी आलं तं पाणी ठरवते, लाइन गेली तं लाइन ठरवते." प्रश्न खरा आहे. म्हणून आपण तिथूनच सुरुवात करू.

मला तर वाटतं, नियोजन शेतकऱ्याला जितकं कळतं तितकं कुणालाच कळत नाही. फक्त आपण त्याला नियोजन म्हणत नाही, वाफसा म्हणतो.

इथे अभ्यासिकेतली मुलंमुली बसली आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. पाऊस पडून गेला की आपली काळी माती लगेच कामाला देत नाही. ओल्यात डवरा घातला तर चिखल चिकटतो, ढेकळं होतात, जमीन बिघडते. फार उशीर केला तर ती कडक होते, पात शिरत नाही. या दोन्हींच्या मधे एक वेळ येते. मातीत ओल असते आणि हवाही असते. मूठभर माती दाबली तर गोळा होतो, खाली टाकला तर फुटतो. हा वाफसा. त्या वेळात जे काम दोन तासांत होतं, ते अवेळी दिवसभरात होत नाही.

पेरणीचंही तसंच. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. तरी पहिल्या सरीला घाई होते, मग पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणी येते. बियाणं दोनदा, मजुरी दोनदा. आपल्या डोक्यातही रोज दुबार पेरणी चालू असते. एक काम हातात घेतलं, फोन वाजला, दुसरं धरलं, पुन्हा पहिल्याकडे आलो तर कुठे होतो तेच आठवत नाही. संध्याकाळी जीव थकलेला आणि काम तिथंच.

मी आज एकच गोष्ट सांगायला आलोय. नियोजन म्हणजे दिवसात जास्त कामं कोंबणं नव्हे. कोणतं काम कोणत्या वेळेचं, आणि आज कोणतं करायचं नाही, हे आधी ठरवणं म्हणजे नियोजन.

डोकं ही वही नाही

कामं डोक्यात ठेवली की ती कुरतडत राहतात. २०११ साली मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी काही प्रयोग प्रसिद्ध केले. अपुरी कामं मनात असतील तर वाचताना लक्ष उडतं, हे त्यांना दिसलं. पण ज्यांना ते काम कधी आणि कसं करणार याचा नेमका बेत करायला लावला, त्यांचा त्रास कमी झाला. गंमत बघा, काम झालेलं नव्हतं, फक्त बेत झाला होता. तेवढ्यावर मन गप्प बसलं.

अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातला २०१८ चा एक प्रयोग आहे. ५७ तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं लिहायला सांगितलं. काहींनी झालेली कामं लिहिली, काहींनी पुढची. पुढची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. प्रयोग लहान आहे, पण करून बघायला खर्च काय? एक वही आणि पाच मिनिटं.

तेव्हा पहिली गोष्ट ही. रात्री जेवणं झाली की डोक्यातलं सगळं कागदावर उतरवा. खताच्या दुकानाची उधारी, पोरीची फी, बँकेतली केवायसी, सगळं. मग त्यातलं उद्याचं एक मुख्य काम निवडा, दोन लहान कामं निवडा. बाकीच्यांपुढे दुसरी तारीख टाका. तारीख टाकणं महत्त्वाचं आहे. 'नंतर बघू' म्हटलं की मन ऐकत नाही, 'गुरुवारी' म्हटलं की ऐकतं.

मुख्य काम वाफशात

दुसरी गोष्ट. आपलं डोकं कधी ताजं असतं, हे आठवडाभर नुसतं बघा. कुणाचं पहाटे, कुणाचं रात्री घर निजल्यावर. तो तुमचा वाफसा. मुख्य काम तिथेच. त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत. मेसेज, फॉर्म भरणं, बाजार ही कामं थकलेल्या डोक्यानेही होतात, ती दुपारी.

अवेळी केलेल्या कामाची किंमत या जिल्ह्याने फार मोठी मोजलीय. २०१७ च्या पावसाळ्याअखेरीस फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात सुमारे २० जणांचा जीव गेला, शेकडो दवाखान्यात पोहोचले. कारणं अनेक होती. डोक्यापर्यंत वाढलेली पऱ्हाटी, जहाल औषधं, त्यांची मिश्रणं, अंगावर संरक्षण नाही. त्यात भर उन्हात, वाऱ्यात, तासन्‌तास न थांबता फवारणी. मी त्या माणसांना दोष देत नाही. रोजंदारीवाला वेळ ठरवत नाही, ती त्याला ठरवून दिली जाते. पण जो ठरवतो, त्याने हे लक्षात ठेवावं. फवारणी सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, वारा शांत असताना, मधे विसावा घेऊन. दिवसाचं नियोजन हा कधी कधी जिवाचा प्रश्न असतो.

मोकळी जागा सोडा

तिसरी गोष्ट, अंदाज. १९९४ साली ब्युलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला कॅनडातला अभ्यास आहे. विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळं बिनसलं तर? ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले साधारण ५५. म्हणजे आपला वाईटात वाईट अंदाजही आशावादी असतो! म्हणून जे काम तासाचं वाटतं, त्याला दीड तास द्या. सकाळ ते रात्र पान गच्च भरू नका. पाहुणा येणार, गाय आजारी पडणार, लाइन जाणार, हे धरूनच चाला.

आणि बेत मोडलाच तर? चिडू नका. एकच प्रश्न विचारा, आता उरलेल्या वेळात कोणतं एक काम व्हायलाच हवं? तेवढं करा.

'नाही' म्हणायची सोय

आपल्या शेजारीच सेवाग्राम आहे. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. त्यांच्याकडे माणसांची रीघ असायची. पण सोमवारी त्यांचं मौन. फारच गरज पडली तर चिठ्ठीवर लिहून उत्तर. त्याला पुढे आध्यात्मिक अर्थ आला, पण सुरुवातीचं कारण साधं होतं. दिवसभराच्या बोलण्यातून थोडी सुटका हवी होती. एवढ्या मोठ्या माणसाला दिवस राखून ठेवावा लागला, तर तुम्हाआम्हाला अर्धा तास मागायला लाज कसली?

इथे ताई बसल्या आहेत, त्या मनात म्हणत असतील, अर्धा तास देणार कोण? बरोबर आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरकाम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८ मिनिटं. जवळजवळ पाच तास विरुद्ध दीड तास. निंदण, वेचणी करून आल्यावर पुन्हा चूल. अशा बाईला वही देऊन उपयोग नाही, तिचं काम वाटून घ्यावं लागेल. म्हणून रात्रीची ती यादी घरात सगळ्यांनी मिळून करा आणि प्रत्येक कामापुढे नाव लिहा. सगळीकडे एकच नाव आलं, तर कुणाला काही समजावून सांगायची गरज उरणार नाही.

शेवटी एक स्पष्ट सांगतो. कापसाचा भाव, कर्ज, आजारपण यांचा ताण वहीने मिटत नाही, आणि तो असणं म्हणजे तुम्ही आळशी किंवा बेशिस्त आहात असंही नाही. झोप उडाली, जेवण जाईना, जगणं नको वाटायला लागलं, तर ते नियोजनाचं काम नाही, माणसाशी बोलायचं काम आहे. घरच्यांशी बोला, दवाखान्यात जा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

आणि काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पाऊस आपल्या हातात नाही, लाइनही नाही. पण वाफसा ओळखणं आणि चिखलात डवरा न घालणं, हे तुम्ही आयुष्यभर करत आलात. तेच घरी, मुलांच्या अभ्यासात, स्वतःच्या जिवाच्या बाबतीत करायचं आहे. आज रात्री पाच मिनिटं काढा आणि उद्याचं एक काम लिहा. एकच.