दुकानाच्या दारातील तपासणी : एका बालरोगतज्ज्ञाच्या नजरेतून

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने लेखाची मागणी केली तेव्हा माझ्याकडून लसीकरण, कुपोषण किंवा पावसाळ्यातील ताप अशा नेहमीच्या विषयाची त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर मी यापूर्वी लिहिले आहे आणि पुढेही लिहीन. या वेळी मात्र, वैद्यकाशी वरवर पाहता संबंध नसलेल्या एका विषयाकडे आपले लक्ष वेधावे असे वाटते. स्वयंसेवा पद्धतीच्या मोठ्या दुकानांतून बाहेर पडताना जी तपासणी होते, तिचा गिऱ्हाइकाच्या, विशेषतः लहान मुलाच्या मनावर होणारा परिणाम हा तो विषय.

निमित्त घडले ते एका नऊ वर्षांच्या मुलीच्या पोटदुखीचे. तिची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील मी बदलले आहेत. तीन आठवड्यांपासून सकाळी बेंबीभोवती दुखत असे. ताप नाही, उलटी नाही, वजन कमी झालेले नाही. जंताचे औषध दोनदा देऊन झाले होते. लघवी, शौच आणि सोनोग्राफी या तपासण्या निर्दोष होत्या. अशा पोटदुखीत आम्ही शाळेविषयी विचारतो, घरातील कलहाविषयी विचारतो. तेथेही काही हाती लागले नाही. तपासणी आटोपून मी औषधाची चिठ्ठी लिहीत असताना आई सहज बोलून गेली, "डॉक्टरसाहेब, हल्ली ही रोज रात्री एकच विचारते. आई, माझ्या पिशवीत खरंच काही नव्हतं ना?"

मी लेखणी खाली ठेवली. मग सारी हकीकत समजली. सुटीत हे कुटुंब एका मोठ्या शहरात नातलगांकडे गेले होते. तेथील एका दुकानातून काही न घेताच बाहेर पडत असताना दारातील यंत्र वाजले. रखवालदाराने सर्वांना थांबवले, एकेकाला पुन्हा दारातून चालावयास लावले आणि ही मुलगी आली की यंत्र वाजे. तिच्या खांद्यावरील लहानशी पिशवी सर्वांसमक्ष टेबलावर रिकामी करण्यात आली. रंगीत खडू, रुमाल, अर्धे खाल्लेले बिस्कीट. काही सापडले नाही, म्हणून "जाइए" एवढेच सांगण्यात आले. वडिलांनी संतापून दोन शब्द सुनावले आणि प्रकरण तेथेच मिटले, असे मोठ्यांना वाटले.

यंत्र का वाजले असावे, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना. त्या दिवशी मुलीच्या अंगावर नवे काय होते, असे विचारले. सँडल नवे होते, आठवड्यापूर्वी दुसऱ्याच दुकानातून घेतलेले. ते तिच्या पायातच होते. टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी कात्रीच्या टोकाने सँडलची आतील तळपट्टी उचलली आणि तिच्याखाली चिकटवलेला, दीड-दोन इंचांचा एक चौकोनी कागद निघाला. त्याच्या पाठीवर धातूच्या पत्र्याची नागमोडी वेटोळी स्पष्ट दिसत होती. मुलगी खुर्चीवरून उठून टेबलाजवळ आली.

या कागदाचे तंत्र थोडक्यात सांगतो. वेटोळे आणि लहानसा धारित्र म्हणजे कपॅसिटर मिळून एक विद्युतमंडल बनते. दाराच्या दोन खांबांतून सुमारे ८.२ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडल्या जातात, त्या लहरींना हे मंडल अनुनाद देते आणि तो प्रतिसाद टिपून यंत्र वाजते. दुसऱ्या प्रकारात चुंबकीय पट्टी असते. ती ५८ किलोहर्ट्झला कंप पावते आणि खांबातील क्षेत्र क्षणभर बंद झाले तरी तिचा नाद टिकून राहतो. कान तपासताना आपण वापरतो त्या ट्यूनिंग फोर्कसारखेच हे आहे. पैसे घेताना गल्ल्यावरील माणसाने कागदी पट्टी एका पाटीवर ठेवून निष्क्रिय करावयाची असते. तेथे तीव्र क्षेत्राने तिच्यातील धारित्र निकामी होतो. गर्दीत हे राहून गेले की ती पट्टी गिऱ्हाइकाबरोबर घरी येते आणि त्याच जातीचे खांब असलेल्या कोणत्याही दुकानाच्या दारात ओरडते. यंत्राला पट्टी समजते, चोरी समजत नाही. हा भेद दारावर उभ्या असलेल्या माणसाला कोणी शिकवलेला नसतो.

आपल्यापैकी पन्नाशी ओलांडलेल्यांना जुनी बाजारपेठ आठवत असेल. बालाघाटच्या किराणा दुकानात माल फळीपलीकडे असे आणि गिऱ्हाईक अलीकडे. मोठ्या खरेदीसाठी छोट्या लाईनच्या गाडीने गोंदियाला गेले तरी रीत तीच. यादी वाचायची, दुकानदार पुडे बांधणार, उधारी वहीत लिहिणार. माल हाताळायलाच मिळत नसे, म्हणून झडतीचा प्रश्न उद्भवत नसे. १९१६ साली अमेरिकेतील मेंफिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी पिगली विगली नावाचे दुकान उघडले आणि गिऱ्हाइकाला फळ्यांमध्ये मोकळे सोडले. नोकरांचा खर्च वाचला, विक्री वाढली, आणि त्याच बरोबर मोह व संशय हे दोघेही दुकानात शिरले. आज ही पद्धत आपल्या गावापर्यंत आली आहे. प्रवेशद्वाराशी पिशवी ठेवणे किंवा तिचे तोंड प्लॅस्टिकच्या पट्टीने बंद करणे आणि बाहेर पडताना बिलावर शिक्का मारून घेणे आपल्या अंगवळणी पडले आहे.

मराठी मुलखात याहून निराळे प्रयोगही झाले. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचा माल एकत्र मागवावा व आपापसांत वाटून घ्यावा अशी व्यवस्था उभी केली. तेथे तपासणारा आणि तपासला जाणारा एकच. उलट बाजूला शनी शिंगणापूर आहे. दरवाजाविना घरे ही त्या गावाची ख्याती, आणि २०११ साली युको बँकेने तेथे कुलपाविना शाखा उघडली. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी एका भाविकाच्या वाहनातून चोरी झाल्याची तक्रार झाली होती आणि पुढे २०१५ मध्ये गावाला पोलीस ठाणेही मिळाले. दुकानदाराने केवळ श्रद्धेवर दुकान चालवावे असे मी म्हणणार नाही. त्याचे नुकसान खरे असते.

मात्र ते नुकसान होते कोठून, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय किरकोळ व्यापार महासंघाच्या २०२३ च्या अहवालानुसार, मालाच्या घटीपैकी सुमारे ३६ टक्के बाहेरच्या चोरांमुळे, २९ टक्के कर्मचाऱ्यांच्या चोरीमुळे आणि २७ टक्के नोंदी व कामकाजातील चुकांमुळे झाली होती. आकडे परदेशातील आहेत, तरी पहारा मात्र सगळीकडे गिऱ्हाइकांच्याच दारावर दिसतो.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला एक गोष्ट रोज दिसते. आमच्या नवजात शिशु कक्षात आई आणि बाळ यांच्या हातांवर एकाच क्रमांकाच्या पट्ट्या बांधलेल्या असतात. बाळ बाहेर नेताना त्या ताडून पाहतात, नातलगांची ओळख विचारतात, झोळीही पाहतात. इतक्या वर्षांत याबद्दल एकाही आजीने तक्रार केलेली मला आठवत नाही. उलट परिचारिका विसरली तर आजीच तिला रागावते. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, रुग्णालयातून नवजात बाळ चोरीस गेल्यास प्रथम त्या रुग्णालयाचा परवाना निलंबित करावा, असे बजावले. म्हणजे आमची तपासणी दुकानातल्यापेक्षा सैल नाही. फरक एवढाच की येथे ज्याची झडती होते त्याचाच ठेवा राखला जात असतो, आणि हे त्याला ठाऊक असते. दुकानात राखला जातो तो दुसऱ्याचा माल.

दुसरा फरक सांगताना मला थोडा संकोच वाटतो. गावातील एका दुकानाच्या दारावरचा माणूस मला ओळखतो. "डॉक्टरसाहब, आप चलिए," असे म्हणून तो माझ्या बिलाकडे न पाहताच शिक्का मारतो. माझ्या मागे एकदा बैहरकडची एक बाई होती, कडेवर मूल, हातात साबणाच्या वड्या आणि मुलाचा एक सदरा. तिच्या वस्तू त्याने दोनदा मोजल्या. ते मूल माझ्याच दवाखान्यातले होते. मी काही न बोलता गाडीत बसलो. तपासणीचा अपमान तपासणीत कमी असतो. कोणाची होते आणि कोणाची होत नाही, यात तो अधिक असतो. त्यानंतर मी बिल उघडून, पिशवी पुढे करून रांगेत उभा राहतो. रखवालदाराला ते अवघड वाटते, आणि खरे सांगायचे तर मलाही.

आपल्या व्यवसायबंधूंसाठी काही वैद्यकीय मुद्दे येथेच नोंदवतो. १९९८ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये, चोरीविरोधी यंत्राजवळ थांबलेल्या एका रुग्णाला त्याच्या शरीरात बसवलेल्या डिफिब्रिलेटरने विनाकारण झटके दिल्याचे प्रकरण प्रसिद्ध झाले. तेव्हापासून पेसमेकर वा डिफिब्रिलेटर असलेल्यांना दिला जाणारा सल्ला साधा आहे : या खांबांमधून नेहमीच्या चालीने निघून जावे, तेथे रेंगाळू नये व खांबाला टेकू नये. कॉक्लिअर इम्प्लांट असलेल्या मुलांना अशा खांबांजवळ कानात विचित्र आवाज ऐकू येऊ शकतो. शासकीय योजनांमुळे अशी मुले आता लहान गावांतूनही दिसू लागली आहेत. एखादे मूल दुकानाच्या दाराशी अडून बसले, रडू लागले, तर हट्टीपणा समजण्यापूर्वी हे कारण आठवावे. दारातून जाताना बाहेरील यंत्र क्षणभर बंद केले की काम भागते.

आता खरोखर वस्तू उचलणाऱ्या मुलांविषयी. तीन वर्षांच्या मुलाला फळीवरचे चॉकलेट आणि घरातल्या डब्यातले चॉकलेट यांतील भेद उमगत नाही. सहा-सात वर्षांपर्यंत 'आपले' आणि 'दुसऱ्याचे' पुरते कळू लागते. त्या वयानंतर मुलाच्या खिशात न विकत घेतलेली वस्तू सापडली, तर त्याला सोबत घेऊन ती परत करावी किंवा तिचे पैसे द्यावेत. मारहाण नको, चारचौघांत वाच्यता नको आणि 'चोर' हा शब्द तर मुळीच नको. पुन्हा पुन्हा घडू लागले तर घरात, शाळेत, मित्रमंडळीत काय चालले आहे ते पाहावे. 'क्लेप्टोमेनिया' हे निदान मात्र उठसूट करू नये. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेनुसार, दुकानचोरीत पकडलेल्यांपैकीही केवळ ४ ते २४ टक्के व्यक्तींमध्ये ही विकृती आढळते.

कायदाही मुलांच्या बाबतीत सौम्य आहे, हे दुकानदार मंडळींनी ध्यानात घ्यावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा वयात त्याची समज किती, हे पाहावे लागते. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे बालकाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही आणि त्याची ओळख उघड करणे हाही अपराध आहे. कॅमेऱ्यातील चित्रफीत मोबाईलवर फिरवणाऱ्यांना याची कल्पना नसावी. प्रौढांच्या बाबतीतही, पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला, तर समाजसेवेची शिक्षा आहे, आणि असा गुन्हा अदखलपात्र व जामीनपात्र आहे. खासगी माणसाने कोणाला अटक करावी, याला कायद्यात दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा डोळ्यांदेखत घडल्याची अट आहे. तेव्हा बिल पाहू मागणे निराळे आणि साबणाच्या वडीसाठी माणसाला खोलीत बसवून त्याचे खिसे उलटे करणे निराळे.

दुकानदारांकडे माझे मागणे मोठे नाही. यंत्र वाजले तर पहिला प्रश्न "आपण नवे कपडे किंवा चपला घातल्या आहेत का?" हा असावा. झडतीची वेळ आलीच तर ती आडोशाला, गिऱ्हाइकाच्या संमतीने, स्त्रीची स्त्रीने, आणि मुलाची त्याच्या पालकांच्या हातून व्हावी. काही सापडले नाही तर क्षमा मागावी, आणि ती मुलाचीही मागावी. आमच्या या मुलीला कोणी "बेटा, मशीन की गलती थी" एवढे म्हटले असते, तर तीन आठवड्यांची पोटदुखी, दोन वेळचे जंताचे औषध आणि एक सोनोग्राफी वाचली असती, असे मला वाटते.

त्या दिवशी तिला मी कोणतेही औषध दिले नाही. तो चौकोनी कागद तिच्या तळहातावर ठेवला, वेटोळे दाखवले आणि ते कसे काम करते ते वर लिहिले आहे त्याहून सोप्या शब्दांत सांगितले. तिने बराच वेळ तो उलटसुलट करून पाहिला. मग विचारले, "म्हणजे हे माझ्या पिशवीत नव्हतंच, चपलेत होतं?" मी होय म्हणालो. "आणि ते आम्ही पैसे देऊन घेतलं होतं?" तिची आई पटकन म्हणाली, "बिल आहे घरी." तो कागद तिने मागून घेतला आणि विज्ञानाच्या वहीत चिकटवला, असे पुढच्या भेटीत कळले. त्या भेटीत पोटाविषयी मीच विचारले. आईला आठवावे लागले.