चढत्या आरपीएमचा आवाज आणि व्हीव्हीटी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना, किंवा अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्ग 53 वर कापसाने भरलेल्या ट्रकला मागे टाकताना, पेट्रोल मोटारीचा चालक गिअर खाली आणतो, इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या, म्हणजेच आरपीएम, 2,000 वरून 4,000 पर्यंत चढतात आणि आवाजाचा पोत बदलतो. गाडीच्या माहितीपत्रकात ‘व्हीव्हीटी’ ही अक्षरे असली, की या बदलाचे श्रेय आणि शंका आल्यास दोषही त्याच यंत्रणेच्या माथी मारला जातो. इंजिनात हवा घेणारे व धूर सोडणारे व्हॉल्व्ह कॅमशाफ्ट नावाच्या दांड्यावरील उंचवट्यांमुळे (कॅममुळे) उघडतात. त्यांच्या उघडमिटीची वेळ आरपीएम आणि भार यांनुसार बदलणारी व्यवस्था म्हणजे व्हीव्हीटी होय. तिच्याविषयीचे पाच समज तपासण्याजोगे आहेत.

गैरसमज 1 : ठरावीक आरपीएमला व्हीव्हीटी ‘सुरू’ होते आणि म्हणून आवाज बदलतो.

वस्तुस्थिती : मारुती सुझुकीच्या व्हीव्हीटी आणि ह्युंदाईच्या व्हीटीव्हीटी इंजिनांत कॅमशाफ्टच्या टोकाशी बसवलेला फेझर हा भाग इंजिन ऑइलच्या दाबाने कॅमशाफ्टला काही अंश पुढे-मागे वळवतो. हा बदल संगणकाच्या आज्ञेने सलग आणि हळूहळू होत असल्यामुळे त्यात कानाला जाणवेल असा टप्पा नसतो. ही यंत्रणा केवळ वरच्या आरपीएमसाठी असते, हेही खरे नाही. कमी आरपीएमला मिळणारी ओढ, इंधनाची बचत आणि धुरातील प्रदूषकांचे नियंत्रण ही तिची रोजची कामे आहेत.

गैरसमज 2 : व्हीव्हीटी, व्हीटीव्हीटी, व्हीटेक ही एकाच यंत्रणेची निरनिराळी नावे आहेत.

वस्तुस्थिती : होंडाने 1989 मध्ये इंटेग्रा मोटारीतून आणलेल्या व्हीटेक यंत्रणेत प्रत्येक सिलिंडरसाठी कमी आणि अधिक उंचीचे वेगवेगळे कॅम होते, वरच्या आरपीएमला तेलाच्या दाबाने सरकणारी पिन व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर आर्म एकमेकांशी जखडत असे आणि व्हॉल्व्ह एकाएकी अधिक खोल व अधिक वेळ उघडू लागत. तेथे आवाजात पडणारा ठळक फरक खरोखरच यंत्रणेचा होता. वेळ बदलणे आणि उघडण्याचे प्रमाणही बदलणे या दोन वेगळ्या क्रिया असल्याने, इंटेग्राविषयी खरे असलेले विधान स्विफ्ट किंवा आय-20 ला जसेच्या तसे लागू होत नाही.

गैरसमज 3 : व्हीव्हीटी नसेल, तर आवाज इतका बदलण्याचे दुसरे कारण उरत नाही.

वस्तुस्थिती : मुख्य कारण साध्या गणिताचे आहे. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो, म्हणून चार सिलिंडरचे इंजिन दर फेरीला दोनदा स्फोट करते. 2,000 आरपीएमला सेकंदाला सुमारे 67 आणि 4,000 ला सुमारे 133 स्फोट होतात, म्हणजे मूळ स्वर बरोबर एक सप्तक वर जातो. हवा आत घेणाऱ्या नळ्या, एअर फिल्टरची पेटी आणि सायलेन्सर यांच्या आकारमानानुसार काही कंपने अधिक घुमतात, त्यामुळे विशिष्ट आरपीएमला आवाज अचानक भरदार वाटतो. मे 2024 मध्ये आलेल्या स्विफ्टमध्ये चारऐवजी तीन सिलिंडर असल्याने त्याच आरपीएमला तिचा मूळ स्वर जुन्या स्विफ्टपेक्षा खालचा असतो. हा फरक सिलिंडरच्या संख्येचा आहे, व्हीव्हीटीचा नव्हे.

गैरसमज 4 : वऱ्हाडच्या उन्हाळ्यात जाड ऑइल घातल्यास इंजिन शांत आणि सुरक्षित राहते.

वस्तुस्थिती : अकोल्यात पारा 45 अंशांपुढे जात असला, तरी थर्मोस्टॅट आणि रेडिएटर यांच्यामुळे सुस्थितीतील इंजिनातील पाण्याचे तापमान हिवाळ्यात असते साधारण तेवढेच, म्हणजे 90 अंशांच्या आसपास राखले जाते. फेझरपर्यंत तेल अरुंद मार्गांतून आणि बारीक जाळीतून पोहोचत असल्यामुळे, उत्पादकाने सांगितल्यापेक्षा जाड किंवा मुदत उलटून काळे व चिकट झालेले ऑइल त्याची हालचाल मंद करू शकते. उन्हाळ्यात वाढलेला आवाज पुष्कळदा पूर्ण वेगाने फिरणाऱ्या रेडिएटर फॅनचा आणि एसीच्या कॉम्प्रेसरचा असतो, हेही लक्षात घेतले पाहिजे.

गैरसमज 5 : आवाज चढला म्हणजे इंजिनावर ताण आला, म्हणून घाटातही वरचाच गिअर ठेवावा.

वस्तुस्थिती : उंच गिअरमध्ये कमी आरपीएमवर चढ ओढायला लावल्यास इंधन अवेळी पेटून धातूवर ठोके पडल्यासारखी खडखड होऊ शकते, आणि ती चढत्या स्वरापेक्षा अधिक घातक असते, आरपीएमच्या काट्याचा तांबडा पट्टा येईपर्यंत मात्र तापलेले इंजिन फिरण्यासाठीच घडवलेले असते. आरपीएमबरोबर चढणारा, आरपीएमबरोबर उतरणारा आणि दरवेळी सारखाच राहणारा आवाज हा इंजिनाचा स्वभाव मानावा. याउलट सकाळी थंड इंजिन सुरू करताच काही क्षण होणारी खरखर, गाडी उभी असतानाही चालू राहणारी टकटक किंवा आवाजासोबत लागलेला इंजिनाचा दिवा यांपैकी काहीही आढळल्यास प्रथम ऑइलची पातळी व दर्जा, त्यानंतर फेझर, त्याचा ऑइल नियंत्रक व्हॉल्व्ह आणि टायमिंग चेन यांची तपासणी करून घेणे आवश्यक ठरते.