स्पर्धेतले अंडे धुवायचे नसते

इंग्लंडमध्ये हौशी कोंबडीपालकांची प्रदर्शने भरतात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४५ साली असे प्रदर्शन भरले होते, आणि १८७७ साली ‘पोल्ट्री क्लब ऑफ ग्रेट ब्रिटन’ ही संस्था स्थापन झाली. अशा प्रदर्शनांत पिंजऱ्यांच्या रांगांबरोबर केवळ अंड्यांसाठी मांडलेले एक टेबलही असते. एकेका बशीत तीन किंवा सहा अंडी. परीक्षक पाहतात आकार, रंग, कवचाचा पोत, ताजेपणा आणि सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे बशीतल्या अंड्यांचा एकमेकांशी मेळ.

अशी अंडी चकचकीत धुऊन, पुसून मांडत असतील, असे आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात जाणकार स्पर्धक अंड्याला पाणी लावायचे टाळतो. कोंबडी अंडे घालते तेव्हा त्यावर प्रथिनांचा एक पातळ ओलसर लेप असतो, तो लगेच वाळतो. द्राक्षांवर जशी पांढुरकी भुकटी दिसते, तशी या लेपाची मंद झाक अंड्यावर दिसते. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांची तोंडे हा लेप झाकतो, जंतूंना अडवतो आणि आतला ओलावा टिकवतो. अंडे धुतले, घासले की ही झाक जाते. तपकिरी अंड्याचे तर दुहेरी नुकसान होते. त्याचा रंग बराचसा वरच्या थरातच असल्याने घासले की फिके ओरखडे उठतात.

म्हणून खरी तयारी खुराड्यातच करावी लागते. अंडी घालायच्या खोक्यात कोरडा, स्वच्छ भुसा हवा आणि अंडी दिवसातून दोन-तीनदा उचलायला हवीत. खाद्याबरोबर शिंपल्यांचा चुरा द्यायचा, कारण कवच जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि ते तयार व्हायला सुमारे वीस तास लागतात. उन्हाळ्यात कोंबड्या धापा टाकतात, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच पातळ होते. विदर्भातल्या कोंबडीपालकांना हे वेगळे सांगायला नको. बशीसाठी शक्यतो एकाच कोंबडीची अंडी निवडतात, ती थंड जागी, टोकदार बाजू खाली करून ठेवतात. चिकटलेला भुसा कोरड्या मऊ कापडाने अलगद टिपला, की झाले.

याचा आपल्या स्वयंपाकघराशी जवळचा संबंध आहे. बाजारातून आणलेली अंडी नळाखाली धुऊन फ्रिजमध्ये ठेवण्याची सवय अनेक घरांत आहे. हेतू चांगला, पण परिणाम उलटा होऊ शकतो. अंड्यापेक्षा पाणी गार असले तर आतला भाग आकसतो आणि छिद्रांतून पाणी आत ओढले जाते. त्याबरोबर कवचावरची घाण आणि साल्मोनेलासारखे जंतूही आत जाऊ शकतात. अमेरिकेत अंडी धुऊन विकतात, पण तिथे कोमट पाणी वापरतात आणि नंतर अंडी सतत थंड ठेवतात. युरोपीय संघात उलट, पहिल्या प्रतीची अंडी धुवायला साधारणपणे मनाईच आहे. आपण अंडी तशीच फ्रिजमध्ये ठेवावीत. फार मळलेली असतील तर फोडण्याच्या अगदी आधी धुवावीत, हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत आणि अंडी नीट शिजवून खावीत.

प्रदर्शनात आणखी एक गट असतो, तिथे अंडे फोडून बशीत मांडतात. हा गट मला जास्त प्रामाणिक वाटतो, कारण इथे वरची सफाई उपयोगी पडत नाही. ताज्या अंड्याचा पिवळा बलक घुमटासारखा उभा राहतो आणि भोवतीचा दाट पांढरा भाग त्याला धरून असतो. दिवस जातात तसा कार्बन डायऑक्साइड छिद्रांतून निसटतो, पांढरा भाग पातळ होऊन बशीभर पसरतो आणि पिवळा बलक चपटा होतो. असे आठवडाभर जुने अंडे या गटात मागे पडते, पण उकडायला तेच घ्यावे. त्याचे टरफल ताज्या अंड्यापेक्षा पुष्कळ सहज सुटते.