संगणकाची पेटी आणि वारा

संगणक घेतांना आपण त्याचें अंतरंग पारखतों. पेटी मात्र शोभेवर निवडतों. ही चूक महागांत पडते. संगणक घेतो त्या विजेची अखेर उष्णताच होते, आणि ती आंत कोंडली कीं प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपली गति मंद करतो.

म्हणून पेटीची दर्शनी बाजू बंद कांचेची नसावी, जाळीची असावी. पुढील १२० मिलिमीटरचे दोन पंखे गार हवा आंत ओढतील, मागील एक ऊन हवा बाहेर टाकील. आंत येणारी हवा किंचित् अधिक असली, म्हणजे धूळ फटींतून न शिरतां गाळणीवर अडते. ती गाळणी वेळच्या वेळीं साफ करावी.

नागपूरच्या वैशाखांत खोलीच ४० अंशांवर असेल, तर कोणताहि पंखा आंतील भाग खोलीहून गार करणार नाहीं. वाऱ्याची वाट मोकळी ठेवणें, एवढेंच आपल्या हातीं आहे.