एकादशीच्या ताटातील राजगिरा

आषाढी एकादशीस घरोघरी साबुदाणा भिजतो. कीर्तनास उभे राहण्यापूर्वी मीही वर्षानुवर्षे खिचडीच घेत आलो. साठी उलटल्यावर एका एकादशीस मात्र ऐन उत्तररंगात डोळ्यांपुढे अंधारी आली, पेटीवाल्याने सावरले. वैद्यांनी नाडीआधी ताटाची चौकशी केली.

साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचे निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅममध्ये प्रथिने अर्धा ग्रॅमही नाहीत. रक्तातील साखर तो झपाट्याने चढवितो, म्हणून मधुमेह्यांस विशेष जाचतो. खिचडीस सत्त्व येते ते दाण्याच्या कुटाने. शेंगदाण्यात शंभरास सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. राजगिऱ्यात ती सुमारे १३ ग्रॅम, लोह ८ मिलिग्रॅम आणि कॅल्शियम १६० मिलिग्रॅम, म्हणजे गव्हाच्या चौपट! धान्यांत उणे असणारे लायसिनही त्यात मुबलक आहे. महिन्यास दोन एकादश्या निष्ठेने करणाऱ्या वृद्ध मातांच्या हाडांस हाच आधार.

‘साबुदाणाच शास्त्रोक्त’ असे कोणी वडीलधारे म्हणतात. परंतु हा कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतील; स्मृतिकारांस तो ठाऊक असणार कसा? बटाटा, रताळे, शेंगदाणा, फार काय, राजगिराही तिकडचाच! प्राचीनतेचा मान कोणासच नाही. ‘उप’ म्हणजे जवळ, ‘वास’ म्हणजे राहणे. भगवंताजवळ राहण्यास शरीर उभे तर राहिले पाहिजे.

आमच्या घरी आता राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी व ताक असते. खिचडी होते, ती नातवंडांपुरती. वाडगाभर माझ्याही वाट्यास येते.